पोटाखालचा तळवा

त्या काळी फोटो नुसते बघत नसत, त्यांवर हात ठेवत. छायाचित्रकार बटण दाबताना त्याच्या मनात जे काही असेल, ते कॅमेऱ्याच्या मुठीतून फोटोवरच्या एका पातळ थरात उतरायचे आणि बोट टेकवणाऱ्याच्या मनात पुन्हा उमटायचे. या थराला भावपट म्हणत. पंगतीकडे डोळा ठेवून लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची त्यामुळे फारच पंचाईत झाली. नवरीच्या फोटोला हात लावावा, तर जिलबी खावीशी वाटायची!

सांगलीच्या कैवल्य आठल्येचे मात्र नाव झाले. "बॅटऱ्या, लेन्स, हॉलमधला उजेड, सगळं आदल्या दिवशी बघून ठेवा," तो शिकाऊ मुलांना सांगे. "मग ऐनवेळी डोकं रिकामं राहतं." रिकाम्या डोक्यात काय आणायचे, हे त्याचे ठरलेले होते. डोळे मिटले की तो कृष्णेच्या पाण्यात असायचा, सहा वर्षांचा, पाठीला पोहायला शिकण्याचा भोपळा बांधलेला, पोटाखाली वडिलांचा, म्हणजे आबांचा तळवा. "सोडत नाही रे, मार हात," आबा म्हणायचे. ती माया दाटून आली की तो बटण दाबायचा. दर लग्नात, दर बारशात हीच आठवण.

आबा अंथरुणाला खिळले, तेव्हा धाकटी बहीण ऋचा पोटुशी होती. "दादा, बाळाची आणि आबांची गाठ पडेल असं वाटत नाही. मी काढलेल्या फोटोत नुसती भीतीच उतरलीये. तू काढ. आबा आपले कोण होते, ते बाळाच्या हाताला तरी कळू दे."

कैवल्यने खिडकीचा पडदा सारला, आबांची उशी सरळ केली, डोळे मिटले. नदी दिसली, भोपळा दिसला, तळवाही दिसला. आत काहीच हलले नाही.

"झालं का रे?" आबांनी विचारले. त्याने बटण दाबले.

ऋचाने फोटोवर हात ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवून पाहिला. "दादा, यात काहीच नाही रे."

पुन्हा काढलेले फोटोही तसेच निघाले. मग आबा गेले. कैवल्यला धड रडूही आले नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

भावपट शोधून काढणाऱ्या डॉ. शर्मिष्ठा गाडे यांना त्याने विचारले, "मला सगळं आठवतं, डॉक्टर. मग माया कुठे गेली?"

"आठवण जागवली की मेंदू ती मोडतो आणि नव्याने रचून ठेवतो. भावपट नेमका त्या वेळी तिच्यातली भावना थोडी ओढून घेतो. कधीतरी जागवली तर कळतही नाही."

"मी रोज जागवली."

"मग आता ती तुमच्यात नाही. तुमच्या जुन्या फोटोंत आहे."

ऋचाचे बाळ बसू लागल्यावर ती आणि कैवल्य त्याला घेऊन मिरजेला गेले. कैवल्यने अगदी सुरुवातीला जिच्या लग्नाचे फोटो काढले होते, त्या शलाकाचे हे माहेर. तिच्या आईने कौतुकाने भिंतीवरचा फोटो उतरवून दिला. "आमच्या शलाकावर किती जीव होता हो तुमचा!"

ऋचाने बाळाचा हात त्या अनोळखी नवरीच्या गालावर ठेवला. बाळ खुदकन हसले.

"हे तुझे आजोबा," ती त्याच्या कानात म्हणाली.

कैवल्यने भीत भीत एक बोट टेकवले. पाणी गार होते, आणि पोटाखाली तळवा होता. बोट उचलले, तर नव्हता.