ताकातला हिंग

गोकुळ पहिल्यांदा आला तो चार पुडांचा डबा हातात घेऊन. मी मान वर न करताच सांगितलं, कॅन्टीन मागच्या बाजूला आहे.

"जेवण पोचवायला नाय आलो, मॅडम... हे तपासायचंय. गहू कुठं लपलाय का, बघा."

मी वर पाहिलं. उंच, पार वाळलेला, पण डोळे असे की वाळलेपणाकडं लक्षच जाऊ नये. चिकलठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत बिस्किटवाल्यांचे नमुने यायचे. आईच्या हातची भाकरी घेऊन कुणी आलं नव्हतं.

साल २०१४. हा पैठणकडचा, शहरात उठणाऱ्या नव्या इमारतींत वायरिंगची कामं घ्यायचा. दुष्काळात घरची ज्वारी गेली, रेशनचा गहू आला आणि ह्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. वर्षभर रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, बरं कधी वाटतं? आई वच्छलाबाई म्हणाल्या, एकादशीला, भगर खाल्ली की. तिथून रक्ततपासणी, मग पोटाची दुर्बिणीतून तपासणी, आणि निदान... सीलिॲक. गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, म्हणून गहू जन्मभर बंद.

बंद करून आठ महिने झाले, तरी रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे ह्या आजाराच्या खुणेचा, आकडा उतरत नव्हता. असंच चाललं तर पुढं जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आकडा उतरल्याबिगर लग्नाचं नाव काढायचं नाय, असं घरी सांगून ठिवलंय," तो म्हणाला. हे मला सांगायची काय गरज, असं मी विचारलं, तर त्यानं डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं. मग माझ्या कोटावरचं 'मनस्विनी' हे नाव सावकाश वाचलं. जरा जास्तच सावकाश.

मी भाकरीचा तुकडा तपासला. ग्लुटेन दाखवणाऱ्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे भाकरीत गहू होता. गावच्या गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली जायची. त्यानं घरघंटी घेतली. पुढची भाकरी स्वच्छ निघाली, पण आकडा काही हलेना. मग तो दर शनिवारी काहीतरी आणू लागला — तिखट, पापड, गूळ. मीही दर शनिवारी ठेवणीतली ओढणी घेऊ लागले. योगायोग म्हणा.

एकदा मी चिडूनच विचारलं, आणखी काय जातं पोटात?

"काय नाय. पोट फुगतं म्हणून माय सकाळ-संध्याकाळ ताकात हिंग देती. पण ते औषध झालं, खाणं थोडंच?"

मी तो हिंग मागवला. पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. पट्टीवर दुसरी रेघ ठसठशीत उठली. माय जे औषध म्हणून देत होती, तेच त्याला आजारी ठेवत होतं.

त्यानं पुडीवरची बारीक अक्षरं पुन्हा वाचली. मला वाटलं, आता संतापणार.

"मायला कळाया नको," तो हळूच म्हणाला. "तिच्याच हातानं झालं म्हटल्यावर... लई जिवाला लावून घेईल. डॉक्टरांनी हिंगाऐवजी जिरं सांगितलंय, असं सांगतो."

मी तिथंच प्रेमात पडले. खरं सांगायला लाज कसली?

त्याचे शनिवार पुढंही चुकले नाहीत. सहा महिन्यांनी आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत नव्हता. त्यानं रक्ततपासणीचा कागद माझ्यापुढं ठेवला. आकडा उतरला होता, अगदी निरोगी माणसाइतका. मी उभीच राहिले आणि सगळ्या प्रयोगशाळेनं टाळ्या वाजवल्या.

"जिंकलो, मॅडम."

"मी नसते तर अजून हिंगच पीत बसला असतात."

"व्हय. म्हणूनच... एक इचारायचं व्हतं..."

आणि गडी अडला. बाहेरून पाण्याचा टँकर गडगडत गेला, तेवढं त्याला निमित्त मिळालं. टँकर गेला तरी शब्द फुटेना.

"उद्या आमच्याकडं जेवायला या," शेवटी मीच म्हटलं. "आठवडा झाला, आईला घरात कणीक मळू दिलेली नाही. तवा, परात, पोळपाट, सगळं नवं आणलंय."

"येवढं? आईंना कारण काय सांगितलं?"

"जावई यायचाय, म्हटलं."

त्याचे कान लाल झाले. मग तो इतका मोकळा हसला की मला माझंच काम विसरायला झालं.

"मग एकटा कसा येऊ?" तो म्हणाला. "मायला घेऊनच येतो."