काटा हलत होता

जे सांगतोय त्यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्या बाईच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी मामेबहीण, आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी पत्ते खेळतानासुद्धा तिचा चेहरा बघून कळायचं, हातात काय आलंय ते.

घरात सगळे तिला बेबी म्हणतात. मी बेबीताई म्हणतो. तिचे वडील म्हणजे माझे मामा, पण ती त्यांना अप्पा म्हणते, म्हणून मीही इथे अप्पाच म्हणतो.

मोबाइल घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. थंडी सरत आली होती. गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. सगळं घडलं ते आतल्या खोलीत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

अप्पांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

कायमचा.

कुठल्याही घरात हे जडच गेलं असतं. पण या घरात आईला, म्हणजे माझ्या मामीला, दिसत नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले होते, आणि तेव्हापासून अप्पा म्हणजे तिच्यासाठी एक आवाज होते. 'अगं, डावीकडे स्टूल आहे.' 'ऊन आलंय, जरा सरक.' 'पाणी प्यायलीस का?' दिवसभर त्यांची टकळी चालू असायची. त्या आवाजाच्या आधारानं ती घरभर वावरायची, भाजी निवडायची, आणि नवऱ्याला यथेच्छ टोमणेही मारायची.

डॉक्टरांचं ऐकून आई रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, तो जायच्या आधी मला थोडा भरून ठेवा."

"काय भरून ठेवू?"

"बोलणं. मोठं काही नको. रोजचंच. मी ऐकत बसेन."

बेबीताई एका ऑफिसात टायपिस्ट होती. तिथे बैठकांचं रेकॉर्डिंग करायचा एक मोठा टेपरेकॉर्डर कपाटात धूळ खात पडला होता. समोर दोन माईक, मधे काचेमागे हलणारा एक काटा. आवाज आत गेला की काटा उजवीकडे झुकायचा. साहेबांना विचारून तिनं तो घरी आणला.

यंत्र आजारीच होतं. टेप संथ चालायची, माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. तिनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवून, टेप ज्याला घासून जाते ते हेड पुसलं. कापसाला तपकिरी काजळी आली. तरी फरक पडेना, म्हणून बाजारातल्या मेकॅनिककडे नेलं. रेडिओ, टेप, पंखे, सगळंच दुरुस्त करणारा, कानावर पेन्सिल खोचून गप्पा मारणारा माणूस. त्यानं आतला सैल झालेला पट्टा बदलला आणि म्हणाला, "घ्या ताई. आता मुंगी शिंकली तरी ऐकू येईल."

दुपारी अप्पांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोर स्टुलावर यंत्र. आई खाटेवर.

अप्पा बराच वेळ बोलले. उठलीस का. पाणी प्यायलीस का. जपून, दार उघडं आहे. मधेच बेबीताईनं विचारलं, "अप्पा, दमलात का?" ते म्हणाले, "अजून नाही."

मग तिनं टेप मागे घेतली. लावली.

पंख्याची घरघर आली. खुर्ची करकरली. खाली कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. मग तिचा स्वतःचा आवाज, अगदी स्वच्छ... "अप्पा, दमलात का?"

आणि पुढे काहीच नाही.

पंखा. नुसता पंखा.

सगळं आलं होतं. अप्पा तेवढे नव्हते.

"मीच हळू बोललो असेन," अप्पा म्हणाले. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

बेबीताई पुन्हा मेकॅनिककडे गेली. त्यानं यंत्र उघडलं, आत बॅटरी मारली आणि हसला. "सापडलं. एका माईकच्या तारा कुणीतरी उलट्या जोडल्यात. मग समोरच्या माणसाचा आवाज दोन्ही माईकमध्ये सारखाच जातो आणि एक दुसऱ्याला खातो. बाजूचे आवाज तेवढे उरतात. अप्पा बरोबर मधे बसले होते ना?"

बसले होते.

बेबीताईला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं तारा सरळ जोडल्या. स्वतः यंत्रासमोर मधोमध बसून "हॅलो, हॅलो" केलं. आलं, खणखणीत आलं.

ती जवळजवळ धावतच घरी आली.

अप्पा बोलले. तिनं या वेळी काट्यावरची नजर हटवली नाही. अप्पा बोलले की काटा झुकत होता. थांबले की परत येत होता. बोलले... झुकला.

टेप मागे घेतली. लावली.

पंखा. खुर्ची. सायकल.

अप्पा नाहीत.

काटा हलत होता. म्हणजे आवाज आत जात होता.

मग तो जात कुठे होता?

तिनं अप्पांना उठवून स्वतः त्या खुर्चीवर बसून बघितलं. तिचा आवाज आला. आईला बसवलं, आईचा आला. नवी कॅसेट घातली, माईक फिरवले, यंत्र गॅलरीत नेलं. अप्पांचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि बोलून बोलून त्यांचा घसा सोलवटला होता. तरी ते ना म्हणत नव्हते. घोटभर पाणी पीत आणि पुन्हा सुरू करत. उठलीस का. पाणी प्यायलीस का.

आवाज कातरत चालला होता. जेवढा उरला होता तेवढा त्या यंत्रात ओतला जात होता आणि एक थेंबही परत मिळत नव्हता.

एके दिवशी तिनं चिडून आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि कान स्पीकरच्या जाळीला लावला.

पंख्याची घरघर आता गिरणीसारखी येत होती. आणि त्या घरघरीच्या आत, जिथे अप्पा बोलले होते नेमकं तिथे... काहीतरी होतं.

ओठांचा आवाज. कोरडे ओठ उघडतात, मिटतात, तसा.

तिनं आदल्या दिवशीची कॅसेट लावली. त्यात तो नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या कॅसेटमध्ये तो जास्त स्पष्ट होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सरळ जाऊन मेकॅनिकला हात जोडले. "घरी चला. एकदाच या. उद्या त्यांना दवाखान्यात न्यायचंय."

तो आला. सोबत स्वतःच्या दुकानातला टेपरेकॉर्डर घेऊन आला. त्यातही तेच. पंखा आला, खुर्ची आली, अप्पा आले नाहीत. मेकॅनिकचं हसू मावळलं. मग त्यानं ऑफिसच्या यंत्राला कानावरचे हेडफोन जोडले, ते डोक्यावर चढवले आणि म्हणाला, "काका, तुम्ही बोला. टेपचं जाऊ दे. आत काय येतंय ते मी थेट ऐकतो."

अप्पा बोलू लागले. "अगं, उठलीस का..."

मेकॅनिक मान खाली घालून ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं हळूच मान वर केली आणि अप्पांच्या खुर्चीच्या मागे बघितलं.

मागे भिंत होती.

त्यानं हेडफोन काढले. आई बसली होती म्हणून तो बेबीताईला गॅलरीत घेऊन गेला.

"काय आहे आत?" तिनं विचारलं.

"ताई, यंत्रात दोष नाही."

"मग?"

"कुणीतरी त्यांच्या मागून म्हणतंय." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शाळेत बाई एक ओळ म्हणतात आणि पोरं मागून म्हणतात ना, तसं. आधी चुकत होतं. आता..."

"आता काय?"

"आता चुकत नाही."

तो गेला. जाताना स्वतःचा टेपरेकॉर्डर न्यायचंसुद्धा त्याला भान राहिलं नाही.

बेबीताईपुढे दुसरा मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी अप्पा पुन्हा खुर्चीवर येऊन बसले तेव्हा तिनं यंत्र लावलं नाही. "राहू द्या अप्पा. आईशी असंच बोला." ते असंच बोलले. आई त्यांचा हात धरून ऐकत राहिली. काय बोलले ते बेबीताई सांगत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती.

ऑपरेशन झालं. जीव वाचला.

अप्पा घरी आले ते निम्मे होऊन. गळ्यात श्वासासाठी भोक, त्यावर पट्टी, हातात पाटी. पण आईला पाटी कशी वाचता येणार? ते टाळी वाजवत. आई दचकायची. पूर्वीसारखी घरभर फिरेनाशी झाली. स्टुलाला ठेचकाळायची, आणि ठेचकाळल्यावर ती ज्या बाजूला तोंड करून वाट बघायची ते बेबीताईला बघवत नसे.

यंत्र ऑफिसात परत करायचं राहून गेलं होतं. आतल्या खोलीतच होतं.

एका दुपारी बेबीताई बाहेरच्या खोलीत अप्पांची पट्टी बदलत होती. आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"खिडकी लावू का?" आई कुणाला तरी विचारत होती.

"राहू दे. वारा बरा वाटतोय."

अप्पांचा आवाज.

बेबीताईची बोटं अप्पांच्या गळ्यावर होती. तो गळा हललासुद्धा नव्हता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अप्पांनी पाटी ओढली. खडू दोनदा मोडला. त्यांनी लिहिलं, 'मी नाही.'

आत खाटेवर आई बसली होती. उशाशी स्टूल, स्टुलावर यंत्र. कॅसेट फिरत होती. काटा झुकलेला होता.

"बेबी, आलीस? बघ, अप्पांना वाचा फुटली. डॉक्टरांना काय कळतंय."

"आई, ती टेप आहे."

"टेप उत्तरं देते होय गं?"

अप्पा तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिचा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर नेऊन ठेवला. हा मी. बघ. इथे आवाज नाही. दुसरं कसं सांगणार होते ते?

आईची बोटं त्या भोकापाशी गेली... आणि तिनं हात झटकला.

"कोण आहे हे?"

अप्पांचा हात वाळलेला होता. अंगाला औषधांचा वास. अप्पांनी तिचा हात पुन्हा धरला, दाबला. तोंड उघडलं. भोकातून नुसती हवा सूं करून बाहेर आली.

"बेबी, कुणाला आणलंस घरात?" आई भिंतीला चिकटली होती.

आणि यंत्रातून, अगदी मायेनं, आवाज आला...

"घाबरू नकोस. मी आहे ना इथे."

आईनं दोन्ही हातांनी ते यंत्र कवटाळलं.

बेबीताईनं वायर खेचून काढली. कॅसेट थांबली. त्यानंतर आईनं जो हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यावरची माणसं वर येईपर्यंत थांबला नाही.

ऑफिसचं यंत्र मेकॅनिकनं फुकटसुद्धा घेतलं नाही. दुकानाची पायरीसुद्धा चढू दिली नाही. मग बेबीताईनंच ते हातोडीनं फोडलं आणि लांबच्या कचराकुंडीत टाकून आली. ऑफिसात हरवलं म्हणून सांगितलं.

आईला पुन्हा पुन्हा समजावलं. तिनं मान डोलावली. "कळलं मला," म्हणाली. पण त्यानंतर अप्पांनी हात धरला की ती आधी विचारायची, "कोण?"

अप्पा तिच्या तळव्यावर तीनदा टिचकी मारायचे. खूण ठरली होती तशी.

"असं कुणीही करेल," ती म्हणायची आणि हात काढून घ्यायची.

शेवटपर्यंत तिनं तो हात धरू दिला नाही. अप्पा तिच्यासमोर बसून राहायचे. नुसते.

हे सगळं मला बेबीताईनं मागच्या वर्षी सांगितलं. अप्पा आता नाहीत, आईही नाही. तिनं अजून एक सांगितलं. यंत्र फोडल्यानंतरही आई दुपारी आतल्या खोलीत बसली की मधूनच मान हलवायची. हं म्हणायची. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून.

एकदा बेबीताई दारात उभी होती. आई म्हणाली, "उभी का? अप्पा बस म्हणतायत तुला."

अप्पा तेव्हा गॅलरीत होते.

"तू बसलीस?" मी विचारलं.

"नाही."

"तुला मात्र काही ऐकू आलं नसेल."

बेबीताईनं माझ्याकडे बघितलं. तिला थापा मारता येत नाहीत, हे मी आधीच सांगितलंय.

ती उठली आणि पंखा बंद करून आली.