अकरा नंबरची मेंढी

फाटकाची कडी काढायला मी वाकले होते. वर पाहिलं तेव्हा मेंढीवाला पलीकडे उभा होता. खांद्यावर पेंढ्याचा भारा, केसांत धुक्याचे बारीक थेंब. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. त्याची नजर माझ्या हातातल्या दोरीवरून सरकत कुत्र्यापर्यंत गेली आणि तिथून परत आली.

"किती लांब आहे?"

"पाच मीटर."

"इथून पुढे दीड पुरे."

मी दोरी हाताशी गोळा करू लागले. एक वेढा, दोन, तीन... तिसऱ्या वेढ्याला तो किंचित हसला आणि बाजूला झाला.

मी दूध तपासणी केंद्रात काम करते. सडकेने गेलं तर पाऊण तास लागतो, त्याच्या कुरणातल्या पाऊलवाटेने वीस मिनिटं. वाट सगळ्यांची, कुरण त्याचं. कुत्रा माझ्या भावाचा. बदली झाली तेव्हा त्याने तो माझ्या गळ्यात मारला. प्रत्येक गोष्टीवर भुंकून वाद घालतो म्हणून त्याचं नाव पडलं वकील. सकाळी मी त्याला सोबत नेते. केंद्राच्या आवारात तो दिवसभर झोपा काढतो.

फाटकावर पाटी होती : मेंढ्या गाभण आहेत, कुत्रा दोरीने धरा. मला वाटायचं, चावण्याची भीती असेल. मेंढीवाल्याने एकदा चालता चालता समजावलं की चावण्याची गरजच नसते. शेवटच्या महिन्यात मेंढी घाबरून पळाली, पडली, की पोटातलं कोकरू जाऊ शकतं. अंगावर ओरखडाही नसतो. ती पुन्हा चरायला लागते आणि दोन-तीन दिवसांनी कळतं.

त्या दिवसापासून मी दोरी दीड मीटरच ठेवली. तरी तो रोज फाटकाशी असायचा.

"आज अर्धा वेढा कमी आहे," तो म्हणायचा.

"मोजता की काय?"

"मोजायची सवय आहे. सकाळी सत्तर, संध्याकाळी सत्तर." मग जरा थांबून, "हल्ली सकाळी एकाहत्तर होतात."

मी राहिलेला अर्धा वेढा गोळा केला. केंद्रावर पोचल्यावर मात्र एकाच नमुन्यावर दोनदा चिठ्ठी चिकटवली... असं माझ्या हातून कधी होत नाही.

मी घरून दहा मिनिटं लवकर निघू लागले. कुत्र्याला व्यायाम हवा, असं आईला सांगितलं. आई म्हणाली, कुत्रा वाळत चाललाय आणि तू उजळत चालली आहेस, व्यायाम नक्की कोणाचा होतोय?

चूक झाली ती माझ्या शिकवण्यातूनच. फाटकापासून दूर गेल्यावर मी वकिलाला मेंढ्यांसमोर थांबायला शिकवलं. दोरी गवतावर टाकायची, तिच्या टोकावर पाय ठेवायचा, "थांब" म्हणायचं. तो थांबला. दुसऱ्या दिवशीही. दहा दिवस, दहा वेळा. वहीत दहा बरोबरच्या खुणा झाल्या. मला त्या मेंढीवाल्याला दाखवायच्या होत्या. त्याने भुवया उंचावून म्हणावं, "वा." एवढंच. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच, त्याला दाखवण्याआधी एकदा करून बघावं म्हणून, अकराव्या दिवशी मी पट्ट्यातून दोरी काढली.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला नाही.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सत्तर मेंढ्यांनी एकाच क्षणी मान वळवली. कुणी हाक दिली नाही, कुणी पुढारीपण केलं नाही. सगळा कळप ताटातलं पाणी कलंडावं तसा एका बाजूला वाहत गेला. किती सुंदर होतं ते, आणि किती भयंकर. चराजवळ एक मेंढी कोलमडली, धडपडत उठली, पुन्हा पळाली. वकील जीभ बाहेर काढून परत आला. खटला जिंकल्यासारखा.

त्या दिवशी तो फाटकाशी नव्हता, आसपास कुणी नव्हतं. धुकं इतकं दाट की फाटकही दिसत नव्हतं. मी दोरी लावली. सरळ केंद्रावर गेले असते तर... कुणाला कळलं असतं?

मी गोठ्याकडे वळले.

तो बादल्या विसळत होता. मी सगळं क्रमाने सांगितलं. दहा दिवसांचंही.

"पडली ती कुठली?"

"उजव्या कानाला काप आहे ती."

"किती वेळ पळाल्या?"

"चाळीस सेकंद. फार तर पन्नास."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बादली खाली ठेवली, हात पुसले. म्हणाला, तीन दिवस थांबायचं, मग कळेल. आणि कुत्रा उद्यापासून सडकेने न्या.

"कुत्रा घरी ठेवीन." मी दोरी हाताला गुंडाळली. "मी... येऊ का?"

त्याने बादली पुन्हा उचलली.

"या."

तीन दिवस मी कामाच्या आधी आणि नंतर गोठ्यात गेले. कानकापी मेंढी वेगळ्या कप्प्यात होती. तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी. शिकत असताना पुस्तकातून ही आकृती मी काढली होती, पण त्या आडव्या फटीत मी स्वतः दिसेन हे पुस्तकात नव्हतं. त्याची आत्या पेंढा पसरताना विचारायची, तपासणीवाल्या बाई, हिला अजून दूध उतरलं नाही, मग रोज तपासता काय? आणि भाच्याकडे बघून ओठ दाबायची.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने माझा हात धरून मेंढीच्या कुशीवर ठेवला. "थांबा," तो हळूच म्हणाला. आम्ही थांबलो. लोकरीखाली ऊब होती, श्वास होता... आणि मग आतून कुणीतरी माझ्या तळव्याला एक धक्का दिला.

मी हात तिथेच ठेवला. त्यानेही हात काढून घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ती आडवी झाली होती. पहिलं कोकरू सुखरूप आलं, पिवळं, ओलं, ओरडत. दुसरं आलं ते गप्प. मान लोंबत होती. त्याने बोटाने तोंडातला चिकटा काढला, नाकात गवताची काडी फिरवली. काही नाही. त्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं, मूठभर पेंढा हातात कोंबला.

"चोळ. बरगड्यांवर. जोरात चोळ, थांबू नकोस."

मी चोळत राहिले. तो काडी फिरवत राहिला. माझ्या हाताखाली फासळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या, हलक्या. मी नेहमी मोजते, त्या वेळी मोजलं नाही.

कोकरू शिंकलं.

एवढुशी शिंक. मग छाती उचलली गेली, पुन्हा उचलली गेली, आणि माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांसमोर, एक जीव सुरू झाला. मी शेकडो नमुने तपासले आहेत. सुरुवात होताना कधीच पाहिली नव्हती. माझे डोळे वाहत होते, त्याचेही. आत्या पाठ फिरवून उगाचच बादली शोधत होती.

कोकरं उभी राहून पिऊ लागल्यावर त्याने निळ्या रंगाचा डबा आणि कुंचला आणला. आईच्या पाठीवर आणि दोन्ही पिल्लांच्या पाठीवर तोच आकडा. गर्दीत हरवली तर कुणाचं कोण ते कळावं म्हणून. यंदा व्यालेली ही अकरावी.

"अकरा," मी म्हटलं. "अकराव्या वेळीच चुकलं होतं."

"अकराव्या वेळीच तू सांगायला आलीस." त्याने कुंचला डब्याच्या कडेवर निथळला. "कुत्रा सुटला हे बारा वर्षांत मला कुणी येऊन सांगितलं नाही. मेलेलं कोकरूच सांगतं."

'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. आता कळलं, आणि दोघेही कोकरांकडे बघू लागलो.

मग मी माझा उजवा हात पुढे केला. पालथा.

त्याने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि जपून, जीभ दातांत धरून, अकराचे दोन एके काढले. रंग गार होता.

"लोकर कातरेपर्यंत जात नाही हा," तो म्हणाला.

"माझ्या हाताला लोकर कुठे आहे? चार दिवसांत जाईल."

"मग चार दिवसांनी पुन्हा काढू."

"आणि वकील?"

"त्यालाही आण. दीड मीटर."

केंद्रावर मी तीनदा साबण लावला. रंग हलला नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, हातावर हे काय लिहिलंय? मी हातमोजा चढवला, पहिली बाटली उजेडात धरली.

"कुणाचं कोण ते कळावं म्हणून," मी म्हटलं.