खाली चार, वर पाच

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय काही लिहायची मला सवय नाही. त्यामुळे हे खरं आहे एवढं सांगून मी थांबणार नाही. तारीख, वार, वेळ, सगळं माझ्याकडे एका कागदावर आहे. तो कागद आत्ता समोर आहे.

ठिकाण बुऱ्हाणपूर. आमचं घर शनवाऱ्यात.

वेळ रात्रीची नाही. भर दुपारची.

यंदाच्या जानेवारीतला शुक्रवार. दोन वाजून दहा मिनिटं.

माझी धाकटी बहीण वैशाली, तिचा नवरा निरंजन आणि त्यांची नऊ वर्षांची रंजिता दुसऱ्या दिवशी नाशिकहून येणार होते. "ताई, एवढी जुनी राजधानी तुझ्या दारात आणि आम्ही एकदाही धड पाहिली नाही," हे वैशालीचं दरवर्षीचं. म्हणून मी दोन दिवसांचा आराखडा केला. शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, असीरगड. प्रत्येकापुढे वेळ.

आठवडाभर त्या आराखड्याची नुसती चिरफाड चालली होती. निरंजनला असीरगड आधी हवा. वैशालीला जिलेबीसाठी वेगळा तास हवा. मी तोच कागद चौथ्यांदा लिहीत होते.

"ताई, सहल आहे ही. प्रॅक्टिकलची परीक्षा नाही!" निरंजन फोनवर हसला होता.

हसू दे. मला काळजी एकाच जागेची होती. कुंडी भंडारा. जुन्या काळी शहराला पाणी पुरवायला जमिनीखाली खोदलेला बोगदा. लिफ्टनं खोल उतरायचं, अंधारात वाहत्या पाण्यातून चालायचं. रंजिता बरोबर असणार. जितके खाली जातील तितके वर यायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

देवराम नावाचा गाइड ठरवला होता. त्याच्या फोनची वाट बघत होते.

फोन वाजला.

"हां, बोला देवराम."

 फक्त पाणी ठिबकत होतं. लांब, खोल.

मग... अगदी सावकाश आवाज आला.

"कल. नीचे चार. ऊपर पाँच."

आमच्याकडे बोलण्यात हिंदी-मराठीची सरमिसळ रोजचीच. त्यामुळे नवल वाटलं नाही. संताप आला. आदल्या दिवशीच्या कुठल्या तरी मंडळींबद्दल सांगतोय, असं मी धरलं.

"चार उतरले तर पाच वर कसे येतील? नीट मोजत जा की!"

फोन बंद झाला. मी सवयीनं कागदाच्या कडेला लिहिलं: २.१०. काल. खाली चार, वर पाच.

संध्याकाळी देवरामचा फोन आला. दुपारचं विचारलं तर म्हणाला, "मी कुठं फोन केला, मॅडम? मी तर धूलकोटले होतो. तिथं नेटवर्कच नाही भेटत."

मी मोबाइल तपासला. दोन दहाचा फोन यादीत नव्हताच.

शनिवार. सकाळी अकरा वीस. कुंडी भंडारा.

बॅगा सांभाळायला मी वर थांबले. वैशाली, निरंजन, रंजिता आणि देवराम लिफ्टमध्ये शिरले. पाण्यात जायचं म्हणून चौघांनी चपला माझ्यापाशी काढल्या. लिफ्ट खाली गेली. मी चपला ओळीत लावल्या.

चार जोड.

चार...

मी पर्समधून कागद काढला. 'काल' हा शब्द मी लिहिला होता. फोनवरचा आवाज 'कल' म्हणाला होता. हिंदीत काल म्हणजेही कल, आणि उद्या म्हणजेही कल. जन्म गेला या गावात, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये?

मी खाली वाकून ओरडले. "वैशाली! वर या आधी!"

"अगं, आत्ता तर उतरलो!" खालून तिचा वैतागलेला आवाज घुमला. "तुझ्या कागदावर अर्धा तास आहे ना?"

मला स्वतःचाच राग आला. अर्धा तास मीच लिहिला होता.

अकरा बावन्नला लिफ्ट वर आली. मी मोजले. वैशाली, निरंजन, रंजिता, देवराम.

चार. पुन्हा मोजले. चारच.

मी श्वास सोडला. आणि मग... फरशीकडे पाहिलं.

ओल्या पावलांच्या रांगा लिफ्टपासून चपलांपर्यंत आल्या होत्या. चार रांगा. पाचवी चपलांकडे वळलीच नव्हती. लहान पावलं, रंजिताच्या मापाची. ती सरळ माझ्याकडे आली होती. माझ्यापासून हातभरावर थांबली होती. बोटं माझ्या दिशेनं.

"मावशी," रंजिता म्हणाली, "तिची चप्पल कुठंय?"

"कुणाची गं?"

"माझ्या मागे होती ती."

मी पुढचं सगळं रद्द केलं. वैशाली भडकली. "आठवडाभर आम्हाला मिनिटं मोजायला लावलीस, आणि आता तूच मोडतेस?" मी बॅगा उचलल्या. गाडीत रंजिता आईच्या अंगावर रेलून बसली होती.

"सरक की तिकडं, जागा आहे ना!" वैशाली म्हणाली.

"नाहीये," रंजिता म्हणाली.

खिडकीजवळची सीट ओली होती.

रविवारी त्यांना स्टेशनवर सोडलं. गाडी हलली. रंजितानं मला टाटा केला. मग... नजर जराशी खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर आणून पुन्हा एकदा केला.

त्याला सात आठवडे झाले. स्वयंपाकघरातली एक फरशी रोज सकाळी ओली असते. प्लंबर दोनदा येऊन गेला. "मॅडम, इथून पाइपच जात नाही," म्हणाला.

काल वैशालीचा फोन आला. ते पुन्हा येतायत. उद्या. मी नको म्हटलं, कारणं सांगितली, शेवटी खरं काय ते सांगितलं. ती हसली.

"ताई, तू सायन्सची ना? रंजिताच हट्ट करतेय. म्हणते, तिला सोडायला जायचंय. देवरामला मीच सांगितलंय. तू नुसती घरी बस."

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पाणी ठिबकत होतं.

"कल. नीचे पाँच. ऊपर चार."

या वेळी मी मराठी केलं नाही. ऐकलं तसंच लिहिलं. कल.

'काल' नसणार. आज सकाळी फरशी ओलीच होती, म्हणजे ती अजून इथंच आहे.

खाली पाच, वर चार. म्हणजे जी आली ती परत जाईल. आकडा बरोबर जुळतो.

मी विचारलं, "चार म्हणजे कोणते चार?"

फोन बंद झाला होता.

तेव्हापासून मी वैशालीला फोन लावतेय. अकरा वेळा लावून झाला. ती उचलत नाही.