कळप डोंगरावर जाण्याआधी

माझी गाडी चिखलात रुतली तेव्हा मी गोड स्वप्नं बघत बसले होते, असं एर्केन सगळ्यांना सांगतो. खोटं आहे ते. मी शिव्या देत होते. मे महिन्यातला पाऊस, नजर जाईल तिथवर गवताळ माळ, आणि गाडीत घोड्यांच्या चारशे लसी. ओल्या रानदवण्याचा वास मात्र असा सुटला होता की धड शिव्याही देता येईनात.

तेवढ्यात हा एर्केन घोड्यावरून आला. मदतीला नाही हं... आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी.

"डॉक्टरीणबाई, या वाटेने लोक पाऊस थांबल्यावर येतात."

"आणि शहाणी माणसं सोबत दोर ठेवतात," मी म्हणाले. "आहे का?"

दोर होता. खोगिराला बांधून त्याने गाडी ओढून काढली. मग दोर गुंडाळता गुंडाळता, मान खाली घालूनच, विचारलं, "कूळ कोणतं तुमचं?"

"नायमान."

"आम्ही आर्गिन." त्याने दोराला आणखी एक वेढा दिला. "मग... बरं आहे."

"काय बरं आहे?"

"रस्ता. पुढचा रस्ता बरा आहे."

कान लाल झाले होते त्याचे. आमच्यात सात पिढ्यांत कुठे रक्ताचं नातं निघालं तर लग्न होत नाही. त्यामुळे एखाद्या मुलाने कूळ विचारलं की मुलगी काय ते समजते. मी समजले, आणि हसू दाबत गाडी सुरू केली.

करकरालीजवळच्या त्या गावातले घोडे तपासायला मला एक आठवडा पुरला असता. मी तीन लावले. एर्केन घोडीची मान धरायचा, मी रक्त काढायचे. आयाळीत त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि घोडी कधीच शांत झालेली असली तरी तो मान सोडायचा नाही. मीही सोड म्हणायचे नाही.

त्याच्या वडिलांच्या नजरेतून हे सुटलं नसणारच. उंच, कमी बोलणारा माणूस. एकदा माझ्यापुढे कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा ठेवत त्यांनी सरळ सांगून टाकलं, की तुझा हात हलका आहे पोरी, पण तू शहरात शिकलेली, जूनमध्ये परत जाशील. माळ सोडून जाणाऱ्यांत त्यांना रस नव्हता. मी कुमीस गटागटा संपवलं आणि वाडगा पुन्हा पुढे केला.

आणि जून आला. शुक्रवारी शाळेत कळपांच्या तपासणीचे दाखले वाटायचे, शनिवारी पहाटे कळप चार महिन्यांसाठी डोंगरावरच्या कुरणांत जाणार, आणि माझी बदली परत शहरात, कारागांडीला. गुरुवारी ओढ्याकाठी एर्केनने आणखी एक सांगितलं. शरद ऋतूत खाली उतरल्यावर वडील दुसऱ्या एका घोडेवाल्याच्या मुलीच्या कानात कुड्या घालायला माणसं पाठवणार होते. म्हणजे लग्न पक्कं.

"मग तू काय म्हणालास?"

"मी... ऐकून घेतलं."

"दोनशे घोडे एकटा वळवतोस आणि बापापुढे तोंड उघडत नाही?"

"घोडे मला मुलगा म्हणत नाहीत," तो हळूच म्हणाला. "कुरालाय, मला तूच हवी आहेस. पण बाबांसमोर शब्दच फुटत नाही गं."

मी गाडीत बसून दहा मिनिटं मनसोक्त रडले. मग तोंड धुतलं. याच्याकडून होत नाही ना, मग माझ्याकडून होईल.

शुक्रवारी शाळेचं दालन भरलं होतं. मी एकेकाचं नाव मोठ्याने वाचत होते, माणूस उठत होता, सही करून दाखला नेत होता. अकरावं नाव एर्केनच्या वडिलांचं. ते मी तेव्हा घेतलं नाही, आजही घेणार नाही. एक शीळ घालून अख्खा कळप गोळा करतात ते, म्हणून मी म्हटलं, "शीळवाले बाबा, दाखला घ्यायला या."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्याकडे सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेत नाही. स्वतः एखादं नाव ठेवते आणि त्यानेच हाक मारते. तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. ते उठले नसते तर मला त्यांचं खरं नाव वाचावं लागलं असतं, आणि मग मरेपर्यंत त्या भागात तोंड दाखवायची सोय नव्हती. यादी मी घट्ट धरली होती.

"असा माणूस आहे का तुझ्या यादीत?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"यादीत नाव लिहिलंय, बाबा. तोंडाने घेणार नाही."

"हिवाळ्यात इथे श्वास गोठतो."

"घोड्यांना हिवाळ्यातही डॉक्टर लागतो."

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं हे?"

एर्केनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नव्हतं," तो म्हणाला. "पण बाबा... तुम्ही उठला नाहीत, तर मी हिच्यामागे कारागांडीला जाईन."

मग बाक करकरला. बाबा उठले, अंगरख्याची बटणं लावली, सावकाश चालत आले आणि सही केली. दाखला घडी करून खिशात ठेवला, आणि जाता जाता, रोजचंच काहीतरी सांगावं तसं म्हणाले, "पुढचं नाव वाच, सूनबाई. लोक खोळंबलेत."

मला कसलं वाचता येतंय. यादीतलं एक अक्षर दिसत नव्हतं. एर्केन पुढे आला, माझ्या हातातून यादी घेतली आणि उरलेली सगळी नावं त्यानेच वाचली... बापासमोर, अगदी खणखणीत आवाजात.