एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर

वारज्यात भीमरावांच्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी विचारायचं, “बाबा नाहीत का?” आणि त्यांची पूर्वा म्हणायची, “बाबा जेवतायत. काम मीच करते.” अठ्ठ्याण्णव साली मुलीच्या हातात तांब्याची तार बघून लोकांच्या पोटात दुखायचं. दुखू दे!

चेतननं मात्र बाबांची चौकशी केलीच नाही. नुकताच अमेरिकेहून कॉम्प्युटर घेऊन परतलेला. आत आला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

“काय हवंय?”

“अं... तिकडे एकशेदहा व्होल्ट, इकडे दोनशेतीस... म्हणून ट्रान्सफॉर्मर.”

“परवा मिळेल. पण असं टक लावून बघितलं की तार तुटते.”

“मग डोळे मिटून बसू?”

“घरी जाऊन बसा!”

परवा कसलं, तो रोज आला. कधी प्लग सैल, कधी वायर आखूड... कारणं संपली, तरी येणं संपेना. तिलाही पाच वाजले की रस्त्याकडे बघायची खोड लागली.

आठवड्यानं मार्केट यार्डातून त्याचा फोन. आवाज पार बसलेला. “कॉम्प्युटर सुरूच होत नाही हो. कुठली गाडी कुठल्या गाळ्याला लावायची, त्याचा प्रोग्रॅम गाळ्यांचे मालक श्रीनिवासशेट यांना आज दाखवायचाय. ते नाही म्हणाले तर... मला परत अमेरिका.”

पूर्वानं दुकान तसंच टाकलं. मीटर उचलला आणि रिक्षात बसली.

गाळ्यावर हमाल, दलाल जत्रेला आल्यासारखे उभे. शेट म्हणाले, “पोरीनं गुंडाळलेली वस्तू! दुसरं काय होणार?”

“थांबा जरा.” तिनं ट्रान्सफॉर्मरला मीटर लावला. काटा बरोब्बर एकशेदहावर. शेटच्या नाकासमोर धरून दाखवला. मग कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकली. तिथला व्होल्टेजचा लाल खटका दोनशेतीसवर!

“हा कोणी फिरवला?”

“मीच. आल्या दिवशीच,” चेतन म्हणाला.

“म्हणजे घरी भिंतीतल्या प्लगवर थेट चालतो?”

“मस्त चालतो.”

“मग ट्रान्सफॉर्मर घेतलात कशाला?”

त्याचे कान लाल झाले. “आलो होतो नुसती प्लगची पिन घ्यायला... तुम्हाला बघितलं आणि तोंडातून दुसरंच निघालं. आज मोठं काम, म्हणून मध्ये जोडला. तुमच्या हातचं काहीतरी सोबत असावं...”

हमाल खो-खो हसले.

“दोनशेतीस मागणाऱ्याला एकशेदहावर उपाशी ठेवलंत! डोकं अमेरिकेतच राहिलं का?” असं म्हणून तिनं ट्रान्सफॉर्मर काढला, वायर थेट भिंतीला लावली, बटण दाबलं. घर्र... पडदा उजळला.

शेट अर्धा तास पडद्यासमोरून हलले नाहीत. मग म्हणाले, “तिन्ही गाळ्यांना बसवा. आणि विजेचं सगळं या बाईसाहेब बघतील.”

पोरीची बाईसाहेब झाली! पूर्वा ताठ मानेनं वायर गुंडाळू लागली.

“मग मी राहतो इथेच,” चेतन हळूच म्हणाला.

“कोणासाठी?”

“शेटसाठी तर नाहीच.”

तिनं वर न बघता गाठ मारली. “हे इथे हमालांना ऐकवून काय उपयोग? घरी येऊन बाबांना सांगा. आणि एकटे येऊ नका... आईला घेऊन या.”