मिरवणुकीच्या फोटोंमधली भोकं

दंतवैद्यांनी तिन्ही फ्रेमा टेबलावर पालथ्या ठेवल्या आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"सुलट्या तुम्हीच करा, बाई. मला बघवत नाही."

वहिनींनी पहिली फ्रेम उलटली. गावच्या उत्सवाची मिरवणूक, कंदील, आणि पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या मानेवर चेहऱ्याऐवजी भोक. एक कान आणि त्यातला डूल तेवढा उरला होता. दुसऱ्या बाजूला भोक पार वर, मागच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. उरलेल्या दोन्ही फ्रेमांत तेच.

"घाईत कापलंय," भाऊजी पुटपुटले.

"कडा बघा, भाऊजी. घाई कुठे दिसते?"

वहिनी म्हणजे भाऊजींच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. कोर्टात लघुलेखन करता करता माणसं खोटं कसं बोलतात ते त्यांच्या कानांत मुरलं, आणि त्यांनी खाजगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. भाऊजी बरोबर असत ते, त्यांच्याच शब्दांत, पिशवी धरायला.

"ही माझी लेक," दंतवैद्य म्हणाले. "उद्घाटनाला फोटो धड होते. दुसऱ्या सकाळी दालन उघडलं तर हे. तेव्हापासून पोर उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. कोणीतरी तिच्या जिवावर उठलंय."

फोटो काढणं हा त्यांचा नाद, आणि ग्रंथालयाच्या या दालनातलं हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन. थोड्या वेळात वर्तमानपत्राचा बातमीदार येणार होता. कापलेले आणि मूळ फोटो शेजारी शेजारी छापायचं ठरलं होतं. मूळ फोटोंचं पाकीट दंतवैद्यांच्या खिशातच होतं.

वहिनींनी फ्रेमांच्या पाठीवरून बोट फिरवलं. कापडी पट्टी, कोपरे दुमडून नीट दाबलेले. मग भिंतीवरची एक फ्रेम उतरवून पाहिली. तिच्या पाठीवर सुरकुतलेली कागदी पट्टी होती.

"लेकीचे आणखी फोटो आहेत?"

"एक. तो, जत्रेतल्या पाळण्यावरचा."

दाराशी टांगलेल्या त्या फोटोत मुलगी तोंडभर हसत होती. चेहरा ताटाएवढा, आणि अगदी धड. आता याची पाळी, असं भाऊजींच्या मनात आलं आणि त्यांनी नजर वळवली.

"मागच्या पाळण्यांचे खिळेसुद्धा मोजता येतील की," वहिनी म्हणाल्या.

"तोच तर माझा हातखंडा," दंतवैद्य भीतीतही जरा फुलले. "पुढचा माणूस आणि मागची भिंत, दोन्ही स्वच्छ."

फोटो मंडळाचे चिटणीस बाहेरच्या बाकावर बसले होते. दंतवैद्यांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"मी?" ते म्हणाले. "मला कापायचंच असतं तर अख्खं प्रदर्शन कापलं असतं. पोरीनं माझं काय घोडं मारलंय?"

रस्त्यापलीकडचा फ्रेमवाला तोंडात खिळे धरूनच बोलला. "कापडी पट्टी? नाही बुवा. आपल्याकडे कागदाचीच. डॉक्टर फार घासाघीस करतात."

ग्रंथपालबाई एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होत्या. त्यांनी कापडाची पट्टी बसवली, कोपरा दुमडला, अंगठ्याने दाबला.

"किल्ली माझ्याकडेच असते, ताई. पण मी काही पाहिलं नाही." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

डोक्यावर फळी करकरली. भाऊजी दचकले. "वर कोण आहे?"

"कोणी नाही. जुनी पुस्तकं. उंदीर असतील."

वहिनी रस्त्यावर जाऊन ग्रंथालयाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "भाऊजी, मी डॉक्टरांची लेक. पहिल्या फोटोत आहे तशीच उभी आहे. डोक्याशेजारी काय दिसतं?"

"ग्रंथालय. वरची खिडकी. पडदा ओढलाय."

"बाकीचे दोन फोटोही इथलेच. चला."

दालनात दंतवैद्य आणि ग्रंथपालबाई आल्यावर वहिनींनी दाराला कडी घातली.

"डॉक्टर, लेकीवर राग असता तर पाळण्यावरचा एवढा मोठा चेहरा कोणी सोडला असता का? कापले ते ग्रंथालयासमोरचे तीनच. शिवाय कान राहिला आणि भोक गेलं भिंतीवर. कापायची होती ती खिडकी. म्हणजे खिडकीतलं माणूस."

"खिडकीत? मला कोणी दिसलंच नाही."

"तुम्ही लेकीला बघत होतात. पण तुमच्या फोटोत मागचंही स्वच्छ येतं. नुसती खिडकी कापली असती, तर तिथं कोण होतं हे सगळ्यांनी विचारलं असतं. चेहरा कापल्यावर कोणी विचारलं नाही." त्या वळल्या. "फ्रेमची पाठ पुस्तकासारखी बांधलीय, बाई. आणि उंदरांच्या पावलाने फळी करकरत नाही."

ग्रंथपालबाई खाली बसल्या. "माझी धाकटी बहीण आहे वर. नवऱ्याने तिचा गळा आवळला होता. वाचली, पळून आली. तो गावोगाव शोधतोय. मिरवणुकीचा आवाज आला म्हणून तिनं जरा पडदा सारला होता. फोटोत कोणी ओळखली असती, वर्तमानपत्रात आली असती तर..."

"मग मला तसं सांगायचं होतंत!" दंतवैद्य म्हणाले.

"तुमच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तुम्ही गावभरच्या गोष्टी सांगता, डॉक्टर. बिचाऱ्यांचं तोंड उघडं असतं, थांबवताही येत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

दंतवैद्यांचा चेहरा लाल झाला. "माझी पोर थरथर कापतेय त्याचं काय?"

"त्याचं पाप माझ्याच माथी," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

कडी वाजली. बाहेरून बातमीदाराची हाक आली. वरची फळी एकदा करकरली आणि गप्प झाली. दंतवैद्य आता सगळं बोलून टाकणार, असं भाऊजींना वाटलं.

दंतवैद्यांनी खिशातलं पाकीट चाचपलं आणि दार अर्धंच उघडलं.

"बातमी नको हो. फोटोंना ओल लागली होती, मीच तेवढा भाग कापला. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

"आणि मूळ फोटो?"

"ते कसले देऊ? मागचं सगळं धूसर आलंय."

बातमीदार हसत पायऱ्या उतरला. दंतवैद्यांनी पाकिटातल्या तिन्ही फोटोंचे तुकडे केले. मग घरी फोन लावून लेकीशी बराच वेळ खालच्या आवाजात बोलले.

"इथं तुमच्या बहिणीनं राहणं आता बरं नाही," फोन ठेवून ते म्हणाले. "लेकीच्या खोलीत दोघींना जागा आहे. ती हो म्हणाली. फक्त विचारतेय, रात्रभर दिवा चालू ठेवला तर त्यांना चालेल का."